वाळवंटावरून कराचीपर्यंत, कापडी पंखांच्या विमानात: वाट सापडायची कशी?

शारजाकर

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, सध्या शारजात. इथल्या किंग अब्दुल अझीझ रस्त्यावरून रोज येणं-जाणं असतं. हा सरळसोट रस्ता म्हणजे एकेकाळची धावपट्टी, हे मला अल महत्ता संग्रहालयात लेकीला घेऊन गेले तेव्हा कळलं. १९३२ साली इथे इम्पीरियल एअरवेजची विमानं उतरू लागली. इंग्लंड-कराची हवाई मार्गावरची हँडली पेज ४२ जातीची विमानं. वर-खाली दोन पंख, चार इंजिनं आणि वेग ताशी जेमतेम १०० मैल. त्यातलं पहिलं, 'हॅनो' नावाचं, ५ ऑक्टोबर १९३२ला उतरलं. प्रवासी किल्ल्यासारख्या बांधलेल्या विश्रामगृहात रात्र काढत आणि पहाटे पुढे निघत.

लेक आठवीत आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मुलांचा विभाग असतो, त्यासाठी तिला यावर लिहायचंय. मोठ्या विमानाचं तिला फार काही वाटलं नाही, त्यात चार-चार माणसं कामाला होती. तिला पडलेला प्रश्न वेगळा आहे. मे १९३०मध्ये जेआरडी टाटा आणि अस्पी इंजिनिअर हे दोघं एकेकटे, छोट्या जिप्सी मॉथ विमानांतून भारत आणि इंग्लंडच्या मध्ये उडाले होते. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं: भारतीय वैमानिक हवा, एकट्याने उडायचं, महिन्याच्या आत पोहोचायचं. जेआरडी पंचविशीत, अस्पी तर अवघे सतरा वर्षांचे. रेडिओ नाही, डोक्यावर छत नाही, खाली शेकडो मैल वाळवंट. यांना वाट कशी सापडायची? पेट्रोल कुठे मिळायचं? मधेच इंजिन बंद पडलं तर काय करायचे?

'धाडसी', 'निधड्या छातीचे' अशा विशेषणांनी भरलेले लेख खूप सापडले. प्रत्यक्षात ते हाताने काय करत होते, हे सांगणारं कुणी इथे आहे का?

फिटर_नाशिक

ताई, माझी नोकरी जेट विमानांच्या देखभालीत गेली, पण उमेदवारीचा काळ एका फ्लाइंग क्लबात टायगर मॉथवर गेला. टायगर मॉथ ही जिप्सी मॉथची धाकटी बहीण. तेव्हा यंत्राच्या बाजूने सांगतो, कारण त्या प्रवासातले बरेचसे निर्णय यंत्रच घेत होतं.

जिप्सी मॉथ म्हणजे डी हॅविलँडचं डीएच ६०. पंखांची लांबी ९ मीटरपेक्षा थोडी जास्त. पंखांचा सांगाडा लाकडी, त्यावर कापड ताणून बरगड्यांना शिवायचं आणि वर डोपचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या रोगणाचे, हात द्यायचे. डोप सुकलं की कापड ढोलकीच्या पानासारखं ताठ होतं, बोटाने टिचकी मारली की आवाज येतो. वर चंदेरी हात असतो, तो शोभेसाठी नाही. त्यातली ॲल्युमिनियमची पूड ऊन अडवते, नाहीतर कापड उन्हाने कुजतं. वाळवंटात उघड्यावर विमान उभं राहणार असेल तर हा हात किती महत्त्वाचा, ते लेकीला नक्की सांगा.

इंजिन चार सिलिंडरचं, हवेनेच थंड होणारं, साधारण १०० अश्वशक्तीचं. सेल्फ स्टार्टर नाही, ब्रेक नाहीत, शेपटीखाली चाकाऐवजी घसरणारी पट्टी. सुरू करायचं तर एकाने पुढे उभं राहून पंखा हाताने ओढायचा आणि दुसऱ्याने आत बसून स्विच सांभाळायचा. एकटा माणूस असेल तर चाकांपुढे चॉक, म्हणजे अडसर, घट्ट बसवायचे, थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा दांडा) अगदी थोडा उघडा ठेवायचा, पंखा ओढायचा, इंजिन लागलं की वळसा घालून आत चढायचं. थ्रॉटल जास्त राहिला तर विमान मालकाला मागे ठेवून निघतं.

पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी, वैमानिकाच्या डोक्यापुढे. तिथून पेट्रोल आपल्या वजनाने खाली इंजिनात उतरायचं. पंप नाही, म्हणजे पंप बिघडायची भीतीही नाही. मला ही रचना आजही फार आवडते. टाकीत साधारण १९ गॅलन मावत, म्हणजे ८६ लिटर. तासाला ५ गॅलनच्या आसपास लागत. हिशेब करा: चार तासांपेक्षा थोडं कमी. वेग ताशी १३५ किलोमीटर धरला तर एका टाकीत ५०० किलोमीटर.

आता हाच आकडा नकाशावर ठेवा. कराचीहून इराणच्या किनाऱ्यावरचं जास्क सरळ रेषेत ९०० किलोमीटरांहून लांब आहे. एका टाकीत जमतच नाही. म्हणून लांब पल्ल्याला निघणारे पुढच्या रिकाम्या बैठकीत जादा टाकी बसवून घेत किंवा मधे उतरत. इराकमधलं रुत्बा ते जॉर्डनमधलं अम्मान हे अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. वारा पडलेला असेल तर सव्वातीन तास. पण समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला तर? जमिनीवरचा वेग ९५वर येतो, वेळ साडेचार तास होतो, आणि टाकी त्याआधीच संपते. तेच विमान, तेच अंतर, फक्त वारा बदलला. लेकीला वहीत हे गणित करायला लावा. त्या वैमानिकांची खरी चिंता काय होती, ते तिला त्यातून समजेल.

आखातावर आणि इराकवर शमाल नावाचा वारा वायव्येकडून वाहतो. अस्पी इंग्लंडहून कराचीकडे येत होते, त्यांच्या तो पाठीशी. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघालेले, त्यांच्या तो तोंडावर. दोघांची शर्यत एकाच रस्त्यावर असली तरी रस्ता दोघांना सारखा नव्हता.

वाट शोधण्याचं म्हणाल तर होकायंत्र, घड्याळ, मांडीवर पट्टीने धरलेला नकाशा, आणि खाली दिसेल ती खूण. कराचीपासून बसऱ्यापर्यंत किनारा सोडायचा नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मकरानचे उघडेबोडके डोंगर. बसऱ्याहून बगदादपर्यंत नदी आणि रेल्वे. पॅलेस्टाइनकडून इजिप्तला जाताना सिनाईच्या उत्तर किनाऱ्याचा लोहमार्ग. खरा प्रश्न मधल्या तुकड्याचा, बगदादच्या पश्चिमेला रमादीपासून अम्मानपर्यंत. तिथे नदी नाही, रूळ नाहीत, गाव नाही.

त्या तुकड्यावर जमिनीवरच रेघ ओढलेली होती! मार्च १९२१मध्ये कैरोला चर्चिल यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, त्यानंतर ब्रिटिश हवाई दलाने कैरो-बगदाद टपाल मार्ग सुरू करायचं ठरवलं. दोन्ही टोकांकडून मोटारींचे ताफे निघाले. मऊ जमिनीवर चाकांचेच माग उमटत. जिथे जमीन कडक होती आणि माग दिसेना, तिथे ट्रॅक्टरला नांगर जोडून चर पाडला. चारशेहून अधिक मैलांची वाट अशी आखली. वाटेवर ठरावीक अंतराने उतरण्याच्या जागा, प्रत्येकीवर नांगरून काढलेलं मोठं वर्तुळ आणि खूण: अम्मानच्या बाजूने इंग्रजी अक्षरं, बगदादच्या बाजूने रोमन आकडे. जून १९२१मध्ये टपाल सुरूही झालं. पुढे १९२७च्या सुरुवातीला इम्पीरियल एअरवेजने हा मार्ग घेतला, आणि खाजगी वैमानिकही त्याच रेघेवरून जाऊ लागले. काही जागांवर जमिनीत पुरलेल्या कुलूपबंद टाक्यांत पेट्रोल असे.

सकाळच्या तिरप्या उन्हात चराला सावली पडते, तेव्हा तो वरून दिसतो. सूर्य डोक्यावर आला की सावली जाते आणि रेघही जाते. शिवाय दुपारी तापलेल्या हवेत हलकं विमान वर-खाली आपटत राहतं, आणि हवा विरळ असल्याने उडताना धावही जास्त लागते. म्हणून अंधारात उठून उजाडताच निघायचं.

आता प्लगबद्दल, म्हणजे इंजिनात इंधन पेटवणारी ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकलाय. जिप्सीच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एकूण आठ. त्या काळची इंजिनं तेल खात, तेल जळून प्लगवर काजळी धरे, ठिणगी कमी पडे. आम्ही क्लबात रोज प्लग काढून, पेट्रोलने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, गेजने फट तपासून परत बसवत होतो. इंजिनाच्या आवाजातला थोडासा फरकसुद्धा प्लगकडे बोट दाखवतो. मे १९३०मध्ये इजिप्तमधल्या अबूकीरच्या विमानतळावर जेआरडी उतरले, तर अस्पी तिथे अडकलेले. प्लग खराब झालेले आणि जादा प्लग जवळ नाहीत. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. अस्पी ११ मेला कराचीला पोहोचले आणि काही तासांच्या फरकाने बक्षीस त्यांना मिळालं. हा प्रसंग खिलाडूपणाचा म्हणून सगळीकडे सांगतात, तो आहेच. पण ज्याने प्लग हातात धरलाय त्याला कळेल की अजून अर्धा युरोप बाकी असताना जादा प्लग देऊन टाकणं म्हणजे काय. मला ते बक्षिसापेक्षा फार मोठं वाटतं.

धुळीसाठी खास चाळणी वगैरे काही नव्हतं. रात्री इंजिनावर आणि बैठकींवर कॅनव्हासची झाकणं बांधायची, विमान खुंट्यांना दोरांनी जखडायचं, पेट्रोल डब्यांतून ओतताना शमॉय कातड्यातून गाळून घ्यायचं. कातडं पाणी आणि कचरा दोन्ही अडवतं. हे काम आम्हीही केलंय. हात पेट्रोलने पांढरे पडतात.

खडीवाला

मी ऐंशीच्या दशकात इराकमध्ये रस्त्याच्या कामावर होतो, रुत्बाच्या पश्चिमेला. फिटरकाकांनी वरची बाजू सांगितली, मी खालची सांगतो.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. तिथे तसं नाही. इराकच्या बाजूला सपाट कडक जमीन, बारीक खडे, मैलोगणती तेच. मधे मधे चिखलाची वाळलेली मैदानं, टेबलासारखी सपाट, विमान उतरवायला उत्तम. पण हिवाळ्यात पाऊस झाला की तीच मैदानं तळी होतात आणि गाडी आत गेली की ट्रॅक्टर लावूनही निघत नाही. जॉर्डनकडे सरकलं की काळा दगड सुरू होतो. ज्वालामुखीचा बसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच दगड, पण इथे सुटे गोटे पसरलेले. त्यात चालणंही अवघड. विमान तिथे उतरलं तर चाकं आणि पंख दोन्ही गेलेच म्हणून समजा.

त्याच काळ्या दगडांत एक गोष्ट आहे जी मुलीला नक्की आवडेल. वरून उडणाऱ्या टपाल वैमानिकांना तिथे दगडी भिंतींच्या लांबच लांब रेघा दिसल्या, दोन भिंती दूरवरून येऊन एका गोल कुंपणाला मिळतात. जमिनीवरून बघितलं तर नुसती गुडघाभर उंचीची दगडांची रास, आकार कळतच नाही. बदू लोक, म्हणजे तिथले भटके अरब, म्हणत, ही म्हाताऱ्या माणसांची कामं, म्हणजे पूर्वजांची. पर्सी मेटलंड नावाच्या हवाई दलाच्या अधिकाऱ्याने १९२७ साली त्याबद्दल लिहिलं. हरणांचे कळप हाकत आणून कोंडण्यासाठी प्राचीन शिकाऱ्यांनी बांधलेले ते सापळे आहेत. हजारो वर्षं माणसं शेजारून जात होती, पण त्यांचा आकार कळला तो टपाल नेणाऱ्या बायप्लेनमुळे.

रुत्बाला तेव्हा विहिरी होत्या म्हणून तिथे किल्ला बांधला. आत खाटा, जेवण, पेट्रोल. विमानाचे प्रवासी आणि दमास्कस-बगदाद मोटारसेवेचे प्रवासी एकाच छपराखाली थांबत. ती मोटारसेवा नेर्न नावाच्या न्यूझीलंडच्या दोन भावांनी १९२३मध्ये सुरू केली होती.

शारजाकर

काका, खडीवालादादा, दोघांचे मनापासून आभार. लेकीने वाऱ्याचं गणित केलं, आणि तिचं उत्तर काकांच्या उत्तराशी जुळलं तेव्हा ती घरभर सांगत फिरली.

तिचा पुढचा प्रश्न: इंजिन बंद पडून वाळवंटात उतरावं लागलं, माणूस जिवंत आहे, तर त्याने विमानापाशी थांबायचं की मदत शोधायला चालत निघायचं?

फिटर_नाशिक

थांबायचं. याला दुसरं उत्तर नाही. विमान माणसापेक्षा कितीतरी मोठं, वरून तेच दिसतं. सावली तिथे, पेट्रोल तिथे, जाळायला तेल आणि कापड तिथे. उन्हात चालणारा माणूस घामातून तासाला लिटरच्या हिशेबाने पाणी गमावू शकतो.

पण नुसतं थांबणं पुरत नाही, हे बिल लँकेस्टरच्या गोष्टीवरून कळतं. एप्रिल १९३३मध्ये हा इंग्रज वैमानिक ॲव्हरो एव्हियन बायप्लेनमधून इंग्लंडहून केपटाउनला निघाला. एमी जॉन्सन या वैमानिक बाईंचा याच मार्गावरचा विक्रम त्याला मोडायचा होता. १२ तारखेच्या संध्याकाळी अल्जीरियातलं रेगान सोडलं आणि रात्रीच सहारावर इंजिन बंद पडलं. रेगानच्या दक्षिणेला सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर विमान आदळून उलटं झालं. तो जखमी, पण जिवंत. जवळ दोन गॅलन पाणी. त्याने विमान सोडलं नाही. पंखांच्या कापडाच्या पट्ट्या पेट्रोलमध्ये भिजवून रात्री मशालीसारख्या पेटवल्या. लॉगबुकात रोज लिहीत राहिला. आठ दिवस जगला. फेब्रुवारी १९६२मध्ये फ्रेंच लष्कराच्या गस्ती तुकडीला विमान सापडलं, शेजारी तो आणि ती डायरी. विमानाचे अवशेष आता ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँड म्युझियमकडे आहेत.

त्याने सगळं बरोबर केलं होतं. फक्त तो सहारा ओलांडणाऱ्या मोटारवाटेपासून दूर जाऊन पडला होता, आणि शोधणाऱ्यांनी कुठे बघायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून मला त्या नांगरलेल्या रेघेचं एवढं अप्रूप वाटतं. ती वैमानिकाला वाट दाखवायची, हे अर्धंच. ती शोधणाऱ्यालाही वाट दाखवायची. विमान पोहोचलं नाही तर शोध कुठे घ्यायचा? रेघेवर. हवाई दलाची टपाल विमानं सहसा जोडीने जात, एक उतरलं तर दुसरं बघून ठेवी. लेकीला लेखात एकच गोष्ट ठळक लिहायची असेल तर ही लिहू द्या.

कॅप्टन_कोकण

ताईंच्या शहराच्या जवळचंच एक उदाहरण देतो. १ मार्च १९४० रोजी हँडली पेज ४२ जातीचंच 'हॅनिबल' जास्कहून शारजाला यायला निघालं आणि ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. आठ माणसं होती, त्यांत मद्रासचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम. आजतागायत पत्ता नाही. रेडिओ असून, खाली ठरलेला मार्ग असून! समुद्रावर रेघ ओढता येत नाही.

आज असा प्रवास करता येतो का, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो: येतो. नोव्हेंबर २०१६मध्ये जुन्या विमानांचा एक ताफा ग्रीसमधल्या क्रीट बेटावरून इजिप्त, सुदान करत केपटाउनपर्यंत गेला, त्यात टायगर मॉथ आणि स्टिअरमनसारखी बायप्लेन होती. जीपीएसमुळे वाटेचा प्रश्न सुटलाय. अडचण पेट्रोलची. ही इंजिनं ॲव्हगॅसवर, म्हणजे विमानांच्या खास पेट्रोलवर, चालतात, आणि वाटेतल्या विमानतळांवर बहुतेक ठिकाणी जेटचं रॉकेलच मिळतं. ॲव्हगॅसची पिंपं आधी पोहोचवून ठेवावी लागतात. म्हणजे १९३०चीच कसरत.

शारजाकर

लेखाचा कच्चा खर्डा तयार आहे. रेघेवर अर्धं पान, प्लगवर एक चौकट, वाऱ्याचं गणित वाचणाऱ्या मुलांसाठी सोडवायला, आणि सोबत तिने स्वतः काढलेला नकाशा. अजून काही राहिलंय का?

फिटर_नाशिक

दोन गोष्टी.

शर्यतीत तिसरा माणूस होता, मनमोहन सिंग. त्यांनीही इंग्लंडहून भारतापर्यंतचं अंतर एकट्याने पार केलं, विमानाचं नाव 'मिस इंडिया'. पण महिन्याची मुदत उलटून गेली होती, म्हणून बक्षीस नाही. पुढे ते हवाई दलात गेले आणि मार्च १९४२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमवर जपानी विमानांनी हल्ला केला त्यात मारले गेले. अस्पी हवाई दलप्रमुख झाले, जेआरडी तर सगळ्यांना ठाऊक. या तिघांतलं तिसरं नाव मुलांच्या लेखातून गळू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरं नकाशाचं. १९३०ची रेघ शारजावरून काढू नका. तेव्हा मार्ग आखाताच्या उत्तरेच्या, इराणच्या किनाऱ्याने होता: जास्क, लिंगे, बुशायर, बसरा. इराणची परवानगी संपली म्हणून १९३२मध्ये तो दक्षिणेच्या अरबी किनाऱ्यावर आला, तेव्हा कुठे शारजाचा विमानतळ उभा राहिला. दोन रंगांच्या दोन रेघा काढा आणि प्रत्येकीवर साल लिहा.